विश्लेषण : आकडाच आला नाही, तर अ‍ॅप बंद का पडते?

जुलै-ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर पाण्याची पातळी पाहिली जाते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तिथून पुढे येणारी पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे आकडे अनेकांना तोंडपाठ आहेत. अशा दिवसांत एखादे अ‍ॅप ‘० फूट’ दाखवू लागले किंवा उघडताच बंद पडले, तर? दोन्ही बिघाडांमागे अनेकदा एकच अडचण असते : ‘माहिती नाही’ हे यंत्राला कसे सांगायचे?

नल पॉइंटर म्हणजे काय?

मेमरीत माहिती कुठे ठेवली आहे, तो पत्ता म्हणजे पॉइंटर. पत्ताच नसेल तर तो ‘नल’. शून्य हे मोजमाप झाले. नल म्हणजे मोजमापच आलेले नाही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेत ही सोय आणली आणि २००९ मध्ये तिला आपली ‘अब्ज डॉलरची चूक’ म्हटले.

अ‍ॅप कोसळते कुठे?

अँड्रॉइड अ‍ॅप बहुतेक वेळा कोटलिन किंवा जावात लिहितात. तिथे मेमरीची देखरेख ‘रनटाइम’ करतो. नल वापरला गेला तर तो चूक कळवतो आणि प्रोग्रामरने सोय केली असेल तर पडद्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच दिसते. मात्र व्हिडिओ, नकाशे, जड आकडेमोड यांसाठी अ‍ॅप सी किंवा सी++ मधला ‘नेटिव्ह’ कोड बोलावते. तिथे असा राखणदार नसतो. तपासणी न करता रिकाम्या पत्त्यावर वाचायला गेले, की ऑपरेटिंग सिस्टीम अख्खे अ‍ॅपच बंद करते.

दुसरा घोळ अधिक फसवा. रिकामा मजकूर आणि नल पडद्यावर सारखेच दिसतात. नेटिव्ह कोडला मात्र ते वेगळे. विंडोजच्या ‘फाइंडविंडो’ फंक्शनला शीर्षकाच्या जागी नल दिला, तर कोणतेही शीर्षक चालते. रिकामा मजकूर दिला, तर ते शीर्षक नसलेलीच खिडकी शोधते. डॉट नेटमध्ये ‘पत्ता नाही’ हे सांगायला ‘इंटपीटीआर डॉट झिरो’ अशी स्वतंत्र खूण आहे. नावातला ‘झिरो’ गोंधळात टाकतो, हे खरे.

मोठ्या कंपन्याही सुटत नाहीत

१२ जून २०२५ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री सव्वाअकराच्या सुमारास, गुगल क्लाउडच्या यंत्रणेत रिकामे रकाने असलेला एक नियम शिरला. काही सेकंदांत तो जगभर पोहोचला. तो वाचणारा कोड २९ मे रोजी बसवलेला होता. रकाना रिकामा असेल तर काय करायचे, हे त्यात नव्हते. नल पॉइंटरमुळे सेवा पुन्हा पुन्हा कोसळली. स्पॉटिफाय, डिस्कॉर्डसारख्या सेवांनाही फटका बसला.

उपाय काय?

कोटलिनमध्ये ज्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह, तिथेच नल चालतो. बाकी ठिकाणी कंपायलर अडवतो. ही शिस्त नेटिव्ह कोडच्या दारापर्यंतच टिकते. त्यामुळे दोन्ही बाजूंना तपासणी हवी. शिवाय नलच्या जागी गुपचूप शून्य भरण्याची सवय सोडायला हवी. पूरपातळीच्या अ‍ॅपने आकडा आला नाही, तर ‘शेवटची नोंद पहाटे ५ वाजता’ असे दाखवावे.