यॉर्कशर पुडिंग : कुरकुरीत कड, मऊ मध्य

पुडिंग म्हटले की आपल्याला गोड पदार्थ आठवतो. इंग्लंडमधील यॉर्कशर पुडिंग मात्र गोड नसते. रविवारच्या जेवणात भाजलेल्या मांसाबरोबर ते वाढतात. हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात त्याची कृती आढळते. पूर्वी ते ग्रेव्हीसह मांसाच्या आधी वाढीत. त्यामुळे पोटाला आधार मिळे आणि महागडे मांस पुरवठ्यास येई.

अंडी, मैदा व दूध समान मापाने घ्यावे. चिमूटभर मीठ घालून मिश्रण सरसरीत घोटावे व अर्धा तास झाकून ठेवावे. साच्यांत थोडे तेल घालून ते ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर कडकडीत तापल्यावर पीठ जपून ओतावे. पुढील वीस मिनिटे दार उघडू नये. वाफेने फुगलेले पुडिंग खाली बसते.

चरबीऐवजी वनस्पतिजन्य तेल वापरल्यास संपृक्त स्निग्धांश कमी होतो. ग्रेव्हीत मीठ बेताचे असावे. कवळी असलेल्यांना कड चावत नाही. त्यांना मधला मऊ भाग ग्रेव्हीत भिजवून द्यावा. गिळताना ठसका लागत असेल, तर वैद्यकीय सल्ल्यावाचून हा पदार्थ देऊ नये.

कड नातवाला आणि मऊ भाग आजोबांना मिळाला, की रविवारच्या पंगतीत कोणाचेच पान वेगळे पडत नाही.