जुन्या मोटारीची पारख

घरांतील तरुण मंडळींस हल्लीं जुन्या मोटारींचा, त्यांतही दोन आसनांच्या वेगवान मोटारींचा शौक जडूं लागला आहे. शौकास आमची हरकत नाहीं. मात्र त्यासाठीं एकत्र कुटुंबाच्या शिलकेंतून लाखों रुपये काढावयाचे असतील, तर प्रथम मोटारीचें कुलगोत्र विचारावें आणि रूप मागाहून पाहावें. चांगला रंगारी आठ दिवसांत कोणत्याही म्हातारीस तरुण करूं शकतो.

उदाहरणादाखल इंग्लंडांत अ‍ॅबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत झालेली एम. जी. कंपनीची 'टी. सी.' ही गाडी घेऊं. अशा सुमारें १०,००० गाड्या निघाल्या, व त्यांतील कांहीं भारतांतही आहेत. तारांचीं एकोणीस इंची उंच चाकें आणि नेहमीं उजवीकडेच असलेलें स्टिअरिंग, ही तिची ओळख. पंधरा इंची चाकें दिसलीं तर ती बहुधा हिची धाकटी बहीण 'टी. डी.' समजावी. या गाड्यांचे क्रमांक ०२५१ पासून सुरू झाले. कारखान्याचा टेलिफोन २५१ होता, एवढेंच त्याचें कारण! हा क्रमांक लोखंडी चौकटीच्या पुढील टोंकाशीं ठोकलेला असतो. तो रंगाखालून शोधून काढून नोंदणीच्या कागदाशीं अक्षरशः ताडून पाहावा. निव्वळ पितळी पट्टीवर विसंबूं नये. पट्टी एका गाडीवरून दुसरीवर सहज जाते.

इंजिन १,२५० घनसेंटिमीटरचें, 'एक्स. पी. ए. जी.' नांवाचें. तेंच याच कंपनीच्या घरगुती चारआसनी गाडींतही बसवीत, पण तेथें क्रमांकामागें 'एस. सी.' हीं अक्षरें असत. आम्हां संस्कृतवाल्यांस यांत नवल नाहीं. उपसर्ग बदलला कीं धातूचा अर्थ फिरतोच. इंजिन बदललेलें असणें हा गुन्हा नव्हे, पण किंमत त्या मानानें उतरलीच पाहिजे.

आतां मुख्य गोष्ट. या गाडीचा बाहेरचा पत्रा लाकडाच्या सांगाड्यावर बसविलेला आहे, हें पुष्कळ गिऱ्हाइकांस ठाऊकच नसतें. अ‍ॅश नांवाच्या विलायती झाडाचें हें लाकूड चिवट खरें. परंतु पाणी मुरलें कीं तें आंतून कुजतें, आणि वरचा रंग मात्र चकाकत राहतो. गाडीनें कोंकणांतले पावसाळे उघड्या पडवींत काढले असतील, तर संशय दुप्पट धरावा. दारें मागल्या बाजूस बिजागरांवर टांगलेलीं असतात. दार उघडून त्याचें मोकळें टोंक हळूच वर उचलावें. दाराबरोबर खांबही हलूं लागला, तर लाकूड गेलें. मग बैठकीजवळील चटई काढून खालचें लाकूड चाकूच्या टोंकानें टोंचून पाहावें. निरोगी लाकडांत टोंक शिरत नाहीं. विकणारा टोंचूं देत नसेल तर तेंही एक उत्तरच झालें. इंजिन दुरुस्त करणारा कारागीर शोधल्यास सांपडतो. सांगाडा नवा करावयाचा म्हणजे सारी गाडी खोलावी लागते.

इंजिनाची एक चमत्कारिक खोड सांगितली पाहिजे. त्याच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकीं इंग्रजी व्हिटवर्थ मापाचीं. अडाणी कारागीर हाताशीं असेल तो बोल्ट कोंबतो आणि आटे खाऊन टाकतो. डोकीं झिजलेलीं दिसलीं, कीं आंत काय गोंधळ झाला असेल याचा अंदाज बांधावा. सिलिंडर हेडला व्हॉल्व्हच्या बैठकींपाशीं तडा जाणें हाही जुना रोग आहे. तेलाच्या झांकणाखालीं दुधासारखा चिकटा आढळला तर सावध व्हावें. चाकाच्या तारा बारीक गजानें वाजवून पाहाव्या, जसें आपण कुंभाराकडे मडकें पाहतों तसें. सैल तार बद्द वाजते.

कागदांविषयीं दोन शब्द. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून 'व्ही. ए.' मालिकेंतला निराळा क्रमांक मिळतो. पण अशी गाडी नित्याच्या कामास किंवा धंद्यास वापरतां येत नाहीं. आणि गाडी जर अद्याप दिवंगत आजोबांच्याच नांवावर असेल, तर ती आधीं रीतसर वारसाच्या नांवावर झाली पाहिजे. तोंवर, विकावयास आलेला पुतण्या कितीही गोड बोलला तरी, बाकीच्या वारसांच्या लेखी संमतीवांचून त्याच्या हातीं इसाराचा एक रुपयाही ठेवूं नये.