कर सक्तीचा, मग दवाखाना मर्जीचा का?



विचुंब्याच्या नाक्यावर परवा चहा पिताना एका गृहस्थांशी गाठ पडली. कालपरवापर्यंत जिथे भात लावायचे तिथे उभ्या राहिलेल्या इमारतीत ते राहायला आलेत. माणूस सज्जन, नोकरी मुंबईला. म्हणाले, "माझ्या पगारातून दरमहा कर कापतात. त्यावर आरोग्य आणि शिक्षणाच्या नावाने ४ टक्के उपकर. मी आजारी पडलो तर माझा विमा आहे. मग तुमच्या दवाखान्याचा भार माझ्यावर का? तुम्ही शेतकरी तर आयकर भरतच नाही."

प्रश्न रागावण्यासारखा नाही, उत्तर देण्यासारखा आहे. कारण हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने आपल्या बैठकांतही येतो. आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, "आम्हाला सरकारची खिरापत नको. मालाला भाव द्या, दवाखान्याचे आम्ही बघून घेऊ." दोघांनाही एकदमच उत्तर देतो.

आधी करदाता कोण ते ठरवू. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. पण रासायनिक कीटकनाशकाची बाटली घेतली की १८ टक्के जीएसटी बिलातच असतो. पॉवर टिलरच्या डिझेलवर केंद्राचा अबकारी कर आणि राज्याचा व्हॅट. साबण, चप्पल, मोबाईलचे रिचार्ज, कशातून सुटका आहे? आणि ज्याची पावती मिळत नाही असा एक कर आहे तो वेगळाच. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली. मधल्या पाच महिन्यांत शहरातल्या ग्राहकाचे जे वाचले ते कोणाच्या खिशातून गेले? इथे नैनाच्या नगररचना योजनेत जमीनमालकाच्या हाती ४० टक्के जमीन राहते, ६० टक्के रस्त्यांना, सुविधांना आणि प्राधिकरणाला जाते. शंभरातले साठ देणाऱ्याला करदाता म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

तेव्हा "करदात्याने शेतकऱ्याचा दवाखाना का चालवावा" हा प्रश्नच उलटा मांडलेला आहे. शेतकरी करदाता आहेच. खरा प्रश्न एवढाच, की हा पैसा सक्तीने घ्यावा का?

मी दापोलीला शेती शिकलो. तिथले पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल, की भातावर तपकिरी तुडतुडे आले आणि मी एकट्याने फवारणी केली तर आठ दिवसांत शेजारच्या वावरातून ते परत येतात. रोगालाही सातबारा कळत नाही. लेप्टोचा उंदीर भातखाचरात असतो तसा इमारतीच्या तळमजल्यावरही असतो. त्या गृहस्थांचा विमा त्यांचे बिल भरेल, उंदीर थांबवणार नाही. २०२१ साली करोनाची लस सर्वांना फुकट टोचली, ती दयेपोटी नव्हे. शेजाऱ्याला लस नसेल तर आपली अर्धीच कामाची, हे सगळ्यांना कळले होते.

आणि सक्ती म्हणाल तर ती आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पेण-अलिबागकडच्या खारजमिनी पाहा. खाडीच्या बांधाला खांड पडली की ज्याची ज्याची जमीन आत आहे त्या प्रत्येक घरातून माणूस बांधावर गेलाच पाहिजे, अशी रीत होती. "माझे शेत उंचावर आहे, मी येत नाही" हे चालत नसे. खारे पाणी आत आले की उंच-सखल सारखेच नासते. ती सक्ती कोणाला जुलूम वाटली नाही. का? कारण आपण टाकलेली मातीची पाटी बांधावर दिसत होती. पुढे बांध सरकारी खात्याकडे गेले, वर्गणी कराची झाली, आणि दुरुस्तीचा अर्ज फायलीत पडून राहू लागला. कित्येक शेतांत आज भाताऐवजी खारफुटी आहे.

माझे म्हणणे या बांधावर उभे आहे. आरोग्यासाठी कर सक्तीचा असावा, जरूर असावा. पण घेणाऱ्यावर सक्ती नसेल तर देणाऱ्यावरची सक्ती ही वसुली होते.

काही वर्षांपूर्वी कापणीच्या दिवसांत तालुक्यातल्या एका मजूर बाईला घोणस चावली. मी बरोबर होतो. सरकारी आरोग्य केंद्रात दिवा चालू होता, शिपाई होता, सापाची लस कपाटात होती. कपाटाची किल्ली डॉक्टरांकडे आणि डॉक्टर घरी, शहरात. टेम्पोतून खासगी रुग्णालयात नेली. तिथे आधी डिपॉझिट मागितले. योजनेचे कार्ड होते, पण रुग्णालय यादीत नव्हते. बाई वाचली. तिच्या भावाने दोन गुंठे बिल्डरला लिहून दिले. लसही कराच्या पैशातली, कार्डही कराच्या पैशातले, आणि बिल दोन गुंठ्यांचे!

कार्डाचीही गोष्ट ऐका. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला रायगड होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. २०२३ मध्ये दीड लाखाचे पाच लाख करून सगळ्या शिधापत्रिकाधारकांना ती लागू करायचे ठरले. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या घराला ही योजना तारते, हे मी नाकारत नाही. पण ती दाखल झालेल्या रोग्याची योजना आहे. साखरेच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तिच्यात नाहीत. गोळी न मिळालेला माणूस किडनी गेल्यावर योजनेत बसतो! ज्यांचे नाव योजनेला दिले त्यांच्या घराने काय केले ते आठवा. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आणि डॉक्टर यशवंतांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला, आणि रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या.

सरकारी दवाखान्यातून काही निघत नाही म्हणणाऱ्यांनी महाडला जावे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत होती. ते रोग्याच्या उशाशी बसले, नोंदी ठेवल्या, 'लॅन्सेट'ला पाठवल्या. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरात आणली आणि शंभरात तीसच्या आसपास असलेले मृत्यू एकाच्या घरात आले. करदात्याने एका डॉक्टरला खेड्यात पगार दिला, त्याची ही फेड. यंत्र नव्हते, टोलेजंग इमारत नव्हती. रात्री जागेवर असलेला डॉक्टर होता.

त्या जागेवरच्या डॉक्टरवर मात्र खर्च करायला हात आखडतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू, असे लिहिले. २०२१-२२ च्या हिशेबात तो १.८४ टक्के होता, आणि आरोग्यावरच्या एकूण खर्चातले शंभरातले ३९ रुपये लोक स्वतःच्या खिशातून घालत होते. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. दीड महिन्यात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रोगी दगावले, त्यांत १२ नवजात. उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. केसपेपर फुकट करणे सोपे आहे. औषध आणि माणूस पुरवणे हे काम आहे.

म्हणून खिरापत नको म्हणणाऱ्या मित्रांना सांगतो, हे मागणे खिरापतीचे नाही. पैसे आधी भरून माल न मिळालेल्या गिऱ्हाइकाचे हे मागणे आहे. व्यापाऱ्याने वजनात मारले तर आपण काटा धरतो, इथे का गप्प बसायचे?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने चार गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर मुक्कामी असतो का. सापाच्या लसीच्या कुप्या किती, आणि किल्ली कोणाकडे. रुग्ण कल्याण समितीचा हिशेब ग्रामसभेत शेवटचा कधी वाचला. आणि करसवलत घेणाऱ्या जवळच्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी राखलेल्या १० टक्के मोफत खाटांवर कोण झोपले आहे. चारी उत्तरे जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू.

नाक्यावरच्या त्या गृहस्थांनाही मी बोलावले आहे. मैदानी भागात ३० हजार वस्तीला एक आरोग्य केंद्र हा सरकारचाच नियम. वस्ती तर रोज इमारतीने वाढते आहे. त्यांनी विचारले, "मी येऊन काय करू?" म्हटले, कर तुम्हीही भरता ना? मग कुप्या मोजायला चला.