धबधबा पाहा, ओढाही पाहा

शेतकरी बंधूंनो, श्रावणात ठोसेघरला अवघा सातारा लोटतो. जावे जरूर; कड्यावरून कोसळणारे पाणी पाहिले की भांगलणीचा शीण उतरतो. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारातला ओढाही एकदा बघून या. तिथे गर्दी नसते. पाणी निवळशंख, खळखळ बारीक, काठाला कुर्डूचे तुरे. आम्हाला विचाराल तर हेच पाणी जास्त देखणे!

जाताना बादली न्या. 15 लिटरची बादली धारेखाली 5 सेकंदांत भरली, तर दिवसाला अडीच लाख लिटरवर पाणी शिवाराबाहेर चालले असे समजा. ते अडवायचे तर धार चालू आहे तोवरच. खताची रिकामी पोती घरोघरी पडलेली असतात. त्यांत माती भरा, तोंड शिवा, विटांसारखा सांधा मोडत आडवी रचा. झाला वनराई बंधारा. खर्च सुतळीचा, बाकी श्रमदान.

सरपंच मंडळींनो, सभेची वाट बघू नका. आमच्या भागातल्या एका गावाने सभा घेता घेता मार्गशीर्ष उजाडवला. बंधारा सुरेख झाला, पाणी तेवढे आले नाही. पुढल्या वर्षी त्यांनी घटस्थापनेलाच पोती गोळा केली.