झिजणे हेच ज्याचे काम

मोटारसायकल घेताना आपण तिचा वेग आणि इंधनाचा खप यांची कसून चौकशी करतो. ती थांबते कशी, हे मात्र क्वचितच विचारतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. वेग दुप्पट झाला, की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. अचानक थांबावे लागले, तर हा भार मुख्यतः ब्रेकच्या लहानशा पॅडांवर पडतो. मागे घरातले कोणी बसलेले असेल, तर त्याचेही रक्षण तेच करतात.

डिस्क ब्रेकचा लिव्हर दाबला, की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधील पिस्टन सरकतो आणि पॅड चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी आवळतात. चकती टिकावी आणि पॅडने झिजावे, अशीच ही योजना आहे. पॅडवरील घर्षणाचा थर संपला, की त्यामागची लोखंडी पट्टी चकतीवर घासू लागते. मग चकतीवर चरे पडतात, गाडी थांबावयास अधिक अंतर लागते आणि पॅडच्या कित्येक पट किमतीची चकती बदलावी लागते. करकर ऐकू येईपर्यंत वाट पाहणे म्हणूनच महागात पडते.

महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात पॅड पाहावेत. बहुतेक पॅडांवर झिजेची खूण म्हणून खाच असते. ती नाहीशी होऊ लागली, की पॅड बदलावेत. अनेक गाड्यांत थराच्या जाडीची अखेरची मर्यादा १ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. एक पॅड दुसऱ्याहून फार झिजला असेल, तर पिस्टन किंवा कॅलिपर अडकत असण्याचा संभव असतो. मागील चाकास ड्रम ब्रेक असेल, तर तेथे पॅड नसून शू असतात. त्यांची तपासणी निराळी.

पॅड निवडताना उत्पादकाने सांगितलेला प्रकार प्रथम पाहावा. राळेने बांधलेल्या तंतूंचे ऑरगॅनिक पॅड चकतीला सौम्य व आवाजाला कमी, परंतु लवकर झिजणारे असतात. धातूची भुकटी तापवून व दाबून बनविलेले सिंटर्ड पॅड उष्णतेत व पावसात अधिक भरवशाचे. मात्र ते चकतीची झीज वाढवितात आणि प्रत्येक चकतीला मानवत नाहीत. वेष्टनावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसरहित’ असा निर्वाळा आहे ना, हेही पाहावे. जुन्या पॅडांची धूळ तोंडाने फुंकू नये. ती ओल्या फडक्याने पुसावी.

एका कॅलिपरमधील दोन्ही पॅड एकाच वेळी बदलावेत. पॅड झिजत जातात तशी टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी खाली येते. म्हणून आधीच ती भरून ठेवू नये. नवे पॅड बसविण्यासाठी पिस्टन मागे सारला, की तेच तेल वर येते आणि बाहेर सांडले, तर रंग खराब करते. पॅड काढलेले असताना लिव्हर दाबू नये, कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नये, आणि पॅडला वा चकतीला ग्रीसचा हात लागू देऊ नये. काम संपताच लिव्हर घट्ट लागेपर्यंत पुनःपुन्हा दाबावा. त्याआधी गाडी जागची हलवू नये. हत्यारे वा सराव नसेल, तर हे काम मेकॅनिकलाच द्यावे. परंतु काढलेले पॅड दाखवावयास अवश्य सांगावे.

नवे पॅड चकतीशी जुळेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले २०० ते ३०० किलोमीटर, शक्यतो जोराचा ब्रेक टाळावा आणि पुढील वाहनापासून अधिक अंतर राखावे. खंडाळ्याचा घाट असो वा निलगिरीचा, उतारावर खालचा गिअर ठेवावा. सतत ब्रेक दाबून उतरल्यास पॅड तापतात, जुने तेल उकळू शकते आणि लिव्हर हाताला पोकळ लागतो.

गाडीचे बहुतेक भाग जितके टिकतील तितके आपणांस हवे असतात. पॅड मात्र झिजण्यासाठीच घडविलेला आहे. तो किती झिजला, हे दोन मिनिटे वाकून पाहण्याचे काम तेवढे आपले.