बुरशी भाडेकरूची नसते

पावसाळ्यात चंद्रपुरातल्या किरायाच्या खोलीची भिंत काळी पडली की घरमालकाचं उत्तर तयार असतं: 'खिडक्या उघडत जा, कपडे आत वाळवू नका.' म्हणजे भिंत त्यांची, किराया त्यांचा आणि बुरशी मात्र आपली!

आत वाळणाऱ्या कपड्यांनी दमटपणा वाढतो, हे खरं. पण डाग कुठे आहे ते बघा. कपाटामागे ठिपके दिसत असतील तर बहुतेक कोंदट हवेचा दोष. ओल जमिनीकडून वर चढत असेल, पोपडे निघत असतील, तर जोत्यात ओल अडवणारा थरच नसावा. छतावर डाग पसरत असेल तर स्लॅब गळतोय. या दोन्ही गोष्टी खिडकी उघडून थांबत नाहीत. जुलै 2022 मध्ये चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पुराचं पाणी शिरलं. पूर ओसरतो, भिंतीनं शोषलेलं पाणी इतक्या लवकर निघत नाही. त्यावर पुट्टी आणि रंग मारणं म्हणजे एरर मेसेज लपवून बग सुटला म्हणणं.

यात जीवही जातो. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये 2017 साली एका बापानं बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्याला 'वरून रंग मारा' असं सांगितलं गेलं. डिसेंबर 2020 मध्ये त्याचा दोन वर्षांचा मुलगा अवाब इशाक गेला. घरातल्या बुरशीमुळेच, असं चौकशीत निघालं. तिथेही आधी दोष कुटुंबाच्या राहणीला दिला होता. आता त्याच्या नावाचा कायदा आहे. तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना गंभीर ओलीची तपासणी कामकाजाच्या दहा दिवसांत करावी लागते.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 सांगतं की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूनं ती करावी आणि खर्च किरायातून कापावा, वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंत.

मेख पुढे आहे. आपण सही करतो त्या अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारात आपण भाडेकरू नसतोच, 'परवानाधारक' असतो. एका शब्दात हा हक्क गेला. गडचिरोलीत बदलीवर आलेली नर्स असो की चंद्रपुरात शिकायला आलेला पोरगा, किराया पूर्ण भरायचा आणि ओलीबद्दल गप्प बसायचं.

म्हणून सही करण्याआधी दुरुस्तीची अट करारात लिहून घ्या, भिंतींचे फोटो मालकाला त्याच दिवशी पाठवा. पण एवढ्यावर थांबू नका. कलम 14 चं संरक्षण परवानाधारकालाही मिळालं पाहिजे, ही मागणी आपल्या आमदाराकडे करा. ओल भिंत बघून शिरत नाही, मग कायद्यानं करार बघून का शिरावं?