कुलपाची किल्ली कोणाच्या खिशात?

कारखान्यात वीजकेबल दुरुस्त करताना वायरमन मरतो, तेव्हा पंचनाम्याची शाई वाळण्यापूर्वीच व्यवस्थापनाचा निवाडा तयार असतो : कामगाराचा निष्काळजीपणा. मेलेला माणूस खुलासा करू शकत नाही, याच सोयीवर हा निवाडा उभा असतो.

वस्तुस्थिती काय आहे? ४१५ व्होल्टची केबल ट्रॉलीच्या चाकाखाली चिरडते किंवा पत्र्याच्या धारेने फाटते. तिच्या दुरुस्तीची रीत अनुभवी वायरमनला तोंडपाठ असते. वीज येण्याच्या सर्व वाटा तोडाव्यात. स्विचला कुलूप घालून ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. टेस्टर चालू तारेवर पारखून घ्यावा, केबलची प्रत्येक तार तपासावी आणि टेस्टर पुन्हा पारखावा. प्रवाह तोडल्यावरही लांब केबलमध्ये भार साठून राहतो, म्हणून ती अर्थ करावी. नुसती टेप गुंडाळली तर भेग झाकते, बुजत नाही. आत ओल शिरते व आर्मर गंजते. म्हणून जॉइंट योग्य मापाचाच हवा, आणि प्रवाह सोडण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशन तपासलेच पाहिजे.

यात न समजण्याजोगे काही नाही. कमी असतो तो फक्त वेळ. शटडाऊन म्हणजे यंत्र थांबणार, यंत्र थांबले की उत्पादन बुडणार. म्हणून फर्मान सुटते : ‘तूर्त टेप मार, रविवारी बघू.’ तो रविवार उगवत नाही. कंत्राटदाराच्या हजेरीपटावरच्या मजुराला नकार परवडत नाही. नकाराची किंमत दुसऱ्या दिवशी फाटकावरच वसूल होते. कामगार हातमोजे वापरत नाहीत, ही मालकांची तक्रार काही ठिकाणी खरीही असेल. पण मोजे हा बंद स्विचला पर्याय नव्हे. आणि तो स्विच बंद करण्याचा अधिकार मजुराला दिलेलाच नसतो.

१९८४ च्या भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी स्पष्ट शब्दांत भोगवटादारावर टाकण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी १९४८ च्या त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. मालकाचे कर्तव्य कागदावर राहिले. निरीक्षक मात्र ‘निरीक्षक-तथा-सुलभकर्ता’ झाला. सुलभता कोणाची, हे सांगण्यास भाष्यकाराची गरज नाही.

तेव्हा शोकसभा आणि नुकसानभरपाईचे अर्ज एवढ्यावर कामगार चळवळीला थांबता येणार नाही. स्विचच्या कुलपाची किल्ली केबलला हात लावणाऱ्याच्याच खिशात राहील. लेखी परवान्यावाचून काम होणार नाही. शटडाऊनचा वेळ कोणाच्याही भत्त्यातून कापला जाणार नाही. आणि हे नियम कंत्राटी मजुरालाही तितकेच लागू राहतील, ही कलमे प्रत्येक वेतनकरारात आली पाहिजेत. कार्यकर्त्यांनी उद्याच्या फाटकसभेत पहिला प्रश्न हाच विचारावा : किल्ली कोणाकडे आहे? ती जोवर मालकाच्या कपाटात आहे, तोवर अशा प्रत्येक मृत्यूला अपघात म्हणणे हा मालकाचाच बचाव आहे.